शर्यतीचा घोडा थोर कशाने ठरतो?



तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. खानदेशातल्या मंडळींना त्याचं नवल नाही. तिथं गिऱ्हाईक घोडं कसं पारखतं ते पाहण्यासारखं असतं. आधी जबडा उघडून दात पाहायचे, म्हणजे वय कळतं. मग अंगावरचे भोवरे. कुठला भोवरा धन्याला लाभतो आणि कुठला नडतो याचं गणित जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. मग रंग. चारी पाय पांढरे नि तोंडावर पांढरा पट्टा असला की घोडं पंचकल्याणी. त्याची किंमतच निराळी. शेवटी लगाम धरून चार पावलं चालवून पाहायचं आणि रुमालाखाली बोटं दाबून सौदा पुरा करायचा.

वरातीसाठी किंवा हौसेसाठी घोडं घ्यायचं तर एवढी पारख पुरते. पण शर्यतीच्या घोड्याची गोष्ट वेगळी. तिथं लाखो रुपये ओतून, पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ चाळून, मोठमोठे जाणकार घोडं घेतात आणि तरीही फसतात. उलट ज्याच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही तेच घोडं एके दिवशी सगळ्यांच्या पुढं निघून जातं. हे असं का होतं? थोर घोड्यात असं असतं तरी काय? आज आपण त्याच्याविषयी थोडं बोलू. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पैजा लावण्याची युक्ती या भाषणातून हाती लागेल अशी कुणाची आशा असेल, तर त्यानं रेडिओ खुशाल बंद करावा.

शर्यतीच्या घोड्याला इंग्रजीत थरोब्रेड म्हणतात. अस्सल जातिवंत, असा त्याचा अर्थ. मुंबईला महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या मैदानावर जे घोडे धावतात ते सगळे याच जातीचे. ही जात इंग्लंडात सुमारे तीनशे वर्षांपूर्वी घडली. तिथल्या घोड्या आणि पूर्वेकडून आणलेले तीन नर, अशी तिची मुळं सांगतात. त्यांतला एक डार्ली अरेबियन. तो १७०४ साली सिरियातल्या अलेप्पो शहराहून इंग्लंडला नेला. पुढे १७९१ साली या जातीची वंशावळ पुस्तकरूपानं छापायला सुरुवात झाली, आणि ज्याचे आईबाप त्या पुस्तकात नाहीत तो थरोब्रेड नाही, असा कडक दंडक पडला. आपल्याकडं सोयरीक जमवताना कुळी पाहतात ना, त्याच्याही वरताण!

त्या डार्ली अरेबियनच्या वंशात १ एप्रिल १७६४ रोजी एक शिंगरू जन्मलं. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं, म्हणून त्याचं नाव ठेवलं एक्लिप्स, म्हणजे ग्रहण. आपल्याकडं असं नाव ठेवायला कोण धजलं असतं? ग्रहणात जन्मलेलं म्हटल्यावर आजीबाईंनी आधी दानधर्म करायला लावला असता. त्याचा धनी, कंबरलंडचा ड्यूक, लौकरच वारला आणि ते पोर विल्यम वाइल्डमन नावाच्या मांसाच्या व्यापाऱ्याकडं गेलं. घोडं रागीट होतं. पण १७६९ आणि १७७० या दोन वर्षांत ते अठरा शर्यती धावलं आणि एकदाही हरलं नाही. १७८९ साली ते मेल्यावर सँबेल नावाच्या एका फ्रेंच पशुवैद्यानं त्याचं शरीर उघडून हाडन्‌हाड मोजलं. याच्यात असं काय होतं, हे त्याला समजून घ्यायचं होतं. पुढे लंडनला पशुवैद्यकाचं पहिलं महाविद्यालय निघालं तेव्हा हाच सँबेल तिथं मुख्य झाला. एक्लिप्सचा सांगाडा त्या संस्थेनं जपून ठेवला आहे. आज जगभर धावणारे बहुतेक थरोब्रेड नराच्या बाजूनं मोजत गेलं तर या ग्रहणात जन्मलेल्या घोड्यापाशी पोचतात.

तेव्हा तुम्ही म्हणाल, सगळं कुळीवरच आहे की! थोर बापाचं पोर थोर. थांबा. आता एक ओली-सुकी सांगतो.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात ख्रिस्तोफर चेनरी यांची मेडो नावाची घोड्यांची पागा होती. म्हातारपणी ते आजारी पडले आणि कारभार त्यांच्या मुलीच्या, पेनी चेनरी यांच्या अंगावर आला. बाई संसारी, दूर कोलोरॅडोत मुलाबाळांत रमलेल्या. पागा तोट्यात होती. घरच्यांचं म्हणणं, विकून मोकळे व्हा. बाईंनी ऐकलं नाही. त्या काळी बोल्ड रूलर हा अमेरिकेतला नामांकित नर होता. त्याच्या मालकांची रीत अशी, की तुमच्या घोड्या आमच्याकडं पाठवा; होणारी शिंगरं आपण वाटून घेऊ; आणि पहिली निवड कुणाची, ते नाणं उडवून ठरवू. जो जिंकेल त्यानं पहिल्या वर्षीच्या पोरांतून आधी निवडायचं, जो हरेल त्यानं दुसऱ्या वर्षीच्या. १९६९ साली नाणं उडालं आणि पेनीबाई हरल्या. जिंकणाऱ्या फिप्स यांनी समरॉयल नव्हे, समथिंगरॉयल नावाच्या घोडीची देखणी शिंगी निवडली. बाईंच्या वाट्याला त्याच घोडीच्या पोटातलं, अजून जन्माला न आलेलं पोर आलं. घोडी तर तेव्हा उताराला लागलेली, अठराव्या वर्षात विणार होती.

ती निवडलेली शिंगी पुढं एकही शर्यत जिंकली नाही. आणि पोटातलं ते पोर ३० मार्च १९७० रोजी जन्मलं. त्याचं नाव सेक्रेटरिएट.

बाप तोच, आई तीच, आणि एक ही गत, दुसऱ्याची ती! सख्ख्या भावंडांत असा फरक आपण घरोघर पाहतो, तरी घोड्यांच्या बाबतीत विसरतो. आयर्लंडातल्या संशोधकांनी २०१० साली घोड्याच्या स्नायूंशी संबंधित एक जीन शोधून काढला. त्यावरून घोडं जवळच्या पल्ल्याचं होईल की लांबच्या, याचा बराचसा अंदाज येतो. पण पल्ला कळला म्हणजे थोरवी कळली असं नव्हे. कुळीनं दार उघडतं. आत कोण येणार ते कुळीच्या हाती नसतं.

सेक्रेटरिएट म्हणजे सचिवालय बरं का! आधी पाठवलेली नावं एकामागून एक नामंजूर झाली, तेव्हा पागेच्या चिटणीसबाईंनी हे सुचवलं. सचिवालय नावाची वस्तू धावते म्हटल्यावर आपल्यापैकी काहींना हसू येईल. असो. रंगानं घोडं तांबूस, कपाळावर पांढरा टिळा आणि खाली उतरत आलेला पट्टा, तीन पाय पांढरे. म्हणजे पंचकल्याणी व्हायला एकच पाय कमी पडला. आपल्या बाजारात कुणीतरी तेवढ्यावरून भाव पाडला असता. छाती अशी दांडगी की नेहमीच्या मापाचा तंग त्याला पुरेना. चंदी इतरांपेक्षा जास्त खायचा आणि भांडं चाटून पुसून ठेवायचा. पहिल्याच शर्यतीत, ४ जुलै १९७२ रोजी, सुटतानाच दुसऱ्या घोड्याचा जबर धक्का बसला आणि तो चौथा आला. त्यानंतर मात्र जिंकतच गेला. त्याच वर्षाअखेर दोन वर्षांचं पोर असूनही तो अमेरिकेतला सर्वोत्तम घोडा ठरला.

पण जाणकारांची शंका कायम होती. बोल्ड रूलरची पोरं जवळच्या पल्ल्याला वाऱ्यासारखी, लांबच्या पल्ल्याला दमतात, असा बोलबाला होता. त्यातच जानेवारी १९७३ मध्ये म्हातारे चेनरी वारले. वारसाकर भरायला पैसा हवा. बाईंनी सेक्रेटरिएटच्या पुढच्या पैदाशीचे बत्तीस हिस्से पाडून साठ लाख ऐंशी हजार डॉलरला विकले. त्या काळी घोड्याला मिळालेली ती सर्वांत मोठी रक्कम होती. आता घोडं हरलं तर पैसेवाले काय म्हणतील? आणि एप्रिलमध्ये, मोठ्या शर्यतीच्या तोंडावर, घोडं हरलं. तिसरं आलं. मागाहून कळलं की ओठाच्या आत गळू झालं होतं. लगाम ओढला की ठणका लागत असणार. घोड्याला सांगता येत नाही. ते ओळखणं माणसाचं काम.

५ मे १९७३. केंटकी डर्बी, सव्वा मैलाची शर्यत. यातले आकडे गुरुजींनी मुलांना फळ्यावर मांडून दाखवावेत असे आहेत. सव्वा मैलाचे पाच पाव-पाव मैल करा. कुठलंही घोडं सुरुवातीला ताजं असतं आणि शेवटी दमतं. म्हणून शेवटच्या पाव मैलाला सर्वांत जास्त वेळ लागतो. सेक्रेटरिएटला पहिल्या पाव मैलाला २५.२ सेकंद लागले. दुसऱ्याला २४. तिसऱ्याला २३.८. चौथ्याला २३.४. आणि पाचव्याला बरोबर २३. म्हणजे शर्यत संपेपर्यंत घोड्याचा वेग वाढतच होता. बेरीज करून पाहा, ११९.४ सेकंद होतात; दोन मिनिटांच्या आत. पन्नास वर्षं उलटून गेली तरी त्या शर्यतीतला हा विक्रम उभा होता.

मग दोन आठवड्यांनी दुसरी शर्यत, प्रीकनेस. तीही जिंकली. उरली तिसरी, बेलमॉण्ट. या तिन्ही एकाच वर्षात जिंकणं म्हणजे तिहेरी मुकुट. १९४८ नंतर पंचवीस वर्षं कुणाला तो साधला नव्हता. बेलमॉण्ट दीड मैलाची. आपली इंडियन डर्बीही साधारण तेवढ्याच, म्हणजे चोवीसशे मीटरच्या पल्ल्याची. ९ जून १९७३ रोजी पाचच घोडे उतरले. त्यांतला एक शॅम. हे नाव लक्षात ठेवा. आधीच्या दोन्ही शर्यतींत दुसरा आलेला, अव्वल घोडा. सुटताच सेक्रेटरिएट आणि शॅम खांद्याला खांदा लावून इतक्या वेगानं निघाले की पाहणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. दीड मैल जायचं आहे आणि पहिलेच सहा फर्लांग एक मिनिट दहा सेकंदांच्या आत! हे दोघेही मरणार, असं लोकांना वाटलं. झालंही तसंच, पण एकाचंच. शॅम थकला, मागं पडत पडत शेवटी गेला. सेक्रेटरिएट मात्र थांबेना. पाठीवरच्या रॉन टर्कॉट या जॉकीनं चाबूक उगारलादेखील नाही. तो नुसता बसून होता. मान वळवून त्यानं मागं पाहिलं तर मागं कुणीच नाही. एकतीस घोडे एकामागं एक उभे केले तर जेवढी लांबी होईल, तेवढं अंतर राखून तो जिंकला. वेळ दोन मिनिटं चोवीस सेकंद. मैदानावरचा जुना विक्रम यानं अडीच सेकंदांहून जास्त फरकानं मोडला. शर्यतीच्या जगात अर्ध्या-पाव सेकंदासाठी माणसं जीव टाकतात, तिथं अडीच सेकंद!

त्या दिवशी त्याच्यावर दोन डॉलर लावणाऱ्याला परत मिळायचे दोन डॉलर वीस सेंट. पण ५,६१७ तिकिटं लोकांनी वटवलीच नाहीत. घरी नेऊन जपून ठेवली. पैजेच्या मैदानावर माणसांनी पैसे न घेता परत जावं, ही गोष्ट मला त्या विक्रमाइतकीच मोठी वाटते.

आता या शरीराकडं वळू. आपल्या घरी घोडं असो वा नसो, हे समजून घेण्यासारखं आहे. उभ्या असलेल्या घोड्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस वेळा पडतं, माणसाच्या निम्म्यानं. तेच भरधाव सुटलं की दोनशे वीसच्या वर जातं. हा एवढा ताण माणसाच्या आटोक्यातला नाही. शिवाय घोड्याच्या पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, तांबड्या पेशींनी भरलेलं रक्त राखून ठेवलेलं असतं. धावायची वेळ आली की पाणथरी आकसते आणि ते रक्त अंगात सोडते. कणगीतलं धान्य अडीअडचणीला काढावं तसं. घोडं तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकानं घेतं. आणि भरधाव असताना प्रत्येक झेपेला एक श्वास, असा त्याचा ठेका बांधलेला असतो. झेप जितकी लांब आणि बिनचूक, तितका श्वासही मोकळा.

सेक्रेटरिएट ४ ऑक्टोबर १९८९ रोजी खुरांच्या आतल्या दाहानं इतका बेजार झाला की त्याला वेदनेतून मोकळं करावं लागलं. त्याचं शरीर उघडणाऱ्या डॉक्टर स्वेरझेक यांना दिसलेलं हृदय नेहमीच्या घोड्याच्या दुपटीहून मोठं होतं. आजारानं सुजलेलं नव्हे, निरोगी, नुसतं मोठं. ते तराजूत घातलं नाही, पण अंदाज बावीस पौंडांचा, म्हणजे दहा किलोचा. साध्या घोड्याचं चार-साडेचार किलोचं असतं. ऑस्ट्रेलियातला थोर घोडा फार लॅप याचंही हृदय असंच मोठं, सहा किलोंच्या वर. ते कॅनबेराच्या संग्रहालयात काचेत ठेवलं आहे. मोठ्या काळजाचा, असं आपण माणसाला म्हणतो. इथं ते शब्दशः खरं निघालं.

तर मग उत्तर सापडलं, नाही का? थोर घोडा म्हणजे मोठ्या हृदयाचा घोडा! मलाही तसं वाटलं असतं. पण मघाशी ज्याचं नाव लक्षात ठेवा म्हटलं तो शॅम १९९३ साली मेला, तेव्हा त्याच डॉक्टरांनी त्याचं हृदय तोललं. अठरा पौंड. तेही साध्या घोड्याच्या दुपटीचं. केंटकी डर्बीत शॅमनं दिलेली धाव इतर बहुतेक वर्षी पहिली आली असती. त्याच्यात काय कमी होतं? काहीच नाही. त्याचं दुर्दैव एवढंच, की तो सेक्रेटरिएटच्या वर्षी जन्मला. आणि मी तर म्हणेन, शॅम नसता तर सेक्रेटरिएटही एवढा दिसला नसता. त्याला तेवढं पळायला शॅमनंच लावलं. अर्ध्या वाटेनंतर शॅम नव्हताच, तेव्हा तो कुणासाठी धावत होता, हे मात्र मला सांगता येणार नाही.

फार लॅपचं नाव निघालं आहे तर त्याची हकीकत थोडी सांगतो, कारण शेतकरी बंधूंना ती जास्त जवळची वाटेल. न्यूझीलंडमध्ये १९२६ साली जन्मलेलं हे घोडं हॅरी टेलफोर्ड नावाच्या गरीब ट्रेनरनं कागदावरची कुळी पाहून अवघ्या १६० गिनींना एका धनिकाला घ्यायला लावलं. जहाजातून उतरलेलं घोडं पाहून धनी संतापला. तोंडावर चामखिळी, अंग हाडकुळं, चाल बेंगरूळ. यावर शिकवणीचा पैसा खर्च करणार नाही, म्हणाला. टेलफोर्डनं ते तीन वर्षांच्या खंडानं घेतलं आणि वाळूच्या टेकड्यांवर पळवून पळवून त्याचे पाय आणि दम घडवला. पहिल्या चार शर्यतींत काहीच जमलं नाही. मग जिंकू लागलं, ते असं की एकावन्न शर्यतींपैकी सदतीस जिंकलं.

आता काही शर्यतींत असा नियम असतो, की जो घोडा जास्त जिंकतो त्याच्या पाठीवर जास्त वजन लादायचं; खोगिराला शिशाच्या पट्ट्या लावून. सगळ्यांना समान संधी मिळावी म्हणून. १९३० सालची मेलबर्न कप ही दोन मैलांची शर्यत फार लॅपनं साडेबासष्ट किलो घेऊन जिंकली. त्याच्या तीनच दिवस आधी सकाळच्या फेरीला कुणीतरी त्याच्यावर गोळी झाडली होती. नेम चुकला, आणि त्याच दुपारी घोडं एक शर्यत जिंकून आलं. पुढच्या वर्षी अडुसष्ट किलो लादलं, तेव्हा मात्र ते आठवं आलं. ते मंदीचे दिवस होते. माणसं बेकार, घरात चूल पेटायची मारामार. आपल्यावरही ओझं वाढतंच आहे आणि हे घोडं ओझ्यासकट जिंकतं आहे, असं त्या लोकांना वाटलं असलं तर नवल नाही. मार्च १९३२ मध्ये दूर मेक्सिकोत, खूर फुटलेलं असताना, ते शेवटची शर्यत जिंकलं आणि सोळा दिवसांनी कॅलिफोर्नियात अचानक मेलं. त्याचा मोतद्दार टॉमी वुडकॉक त्याच्याजवळ होता. पुढे कित्येक दशकांनी त्याच्या केसांची तपासणी झाली, तेव्हा मरणाआधी त्याच्या पोटात बराच सोमल गेला होता असं दिसलं. कुणी घातला की त्या काळच्या औषधातून गेला, हा वाद चालूच राहिला. घोडं खच्ची केलेलं होतं. त्याचा वंश नाही.

वेगवान कोण, असं विचाराल तर मी सेक्रेटरिएटचं नाव घेईन. पण शिशाची पट्टी लावून दोन मैल जायचं असेल तर मला फार लॅप हवा.

आणि हार? थोर घोडा हरत नाही, असं कुणी समजू नये. सेक्रेटरिएट एकवीस शर्यती धावला आणि सोळा जिंकला. बेलमॉण्टच्या त्या चमत्काराला दोन महिने झाले नाहीत तोच सॅराटोगाच्या मैदानावर एका घोड्यानं त्याला हरवलं. त्या घोड्याचं नाव होतं ओनियन. म्हणजे कांदा! लासलगावच्या मंडळींनी हे अवश्य ध्यानात ठेवावं, की कांद्यानं सचिवालयाला एकदा धूळ चारली आहे. सेक्रेटरिएटच्या अंगात त्या वेळी ताप होता. पण महिनाभरात तो उभा राहिला आणि सप्टेंबरमध्ये सव्वा मैलाला थोड्या कमी पल्ल्यावर जगातला नवा विक्रम केला. ऑक्टोबरअखेर कॅनडात शेवटची शर्यत जिंकून तो घरी गेला. पडल्यावर उठण्याचा हा भाग मी एक्लिप्सच्या अठरा विजयांहून वरचा मानतो. एक्लिप्सची ती परीक्षा कधी झालीच नाही.

यात माणसांचा वाटा किती? एडी स्वेट नावाचा कृष्णवर्णीय मोतद्दार सेक्रेटरिएटजवळ असे. खरारा करणं, पायांना पट्ट्या बांधणं, घोड्याच्या डोळ्यांत पाहून आज बरं आहे की नाही ते ओळखणं, हे त्याचं काम. वर्तमानपत्रांत धनीणबाईंचं नाव येई, जॉकीचं येई. स्वेटचं फारसं येत नसे. केंटकीत पुढं घोड्याचा पुतळा उभारला तेव्हा लगाम धरलेला स्वेट त्यात दाखवला, एवढं बरं झालं. जॉकी टर्कॉट १९७८ साली त्याच बेलमॉण्टच्या मैदानावर दुसऱ्या घोड्यावरून पडला आणि कमरेखाली कायमचा लुळा झाला.

हे सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरं नव्हे. पाच क्विंटलचं जनावर भरधाव असताना एका क्षणी सगळा भार एकाच पायावर येतो, तोही अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. आणि गुडघ्याखाली घोड्याला मांस नाही. हाड आणि शिरा, बस. माणसानं तीनशे वर्षं वेग निवडला, वेगच वाढवला. पाय मात्र तेवढेच राहिले. रफियन नावाची एक काळीभोर घोडी होती. दहा शर्यती धावली, दहाही जिंकली. ६ जुलै १९७५ रोजी त्या वर्षीच्या केंटकी डर्बीच्या विजेत्याशी तिची एकास एक अशी शर्यत लावली. लोकांना तमाशा हवा होता. धावताना तिच्या पुढच्या उजव्या पायाची हाडं मोडली. आणि ती थांबेना! मोडक्या पायावर पुढं जायला पाहत राहिली. रात्री शस्त्रक्रिया झाली, पण गुंगी उतरताच ती झोपल्याजागी धावू लागली आणि बांधलेला पाय पुन्हा मोडून घेतला. पहाटे तिला मारावं लागलं. पुढं जाण्याची जी ओढ घोड्याला थोर करते तीच ही. तिला आवर घालणं हे घोड्याचं काम नाही, ते घोडं मैदानात उतरवणाऱ्या माणसाचं आहे. आणि त्या दिवशी माणसानं ते केलं नाही.

आपल्याकडं इंडियन डर्बी १९४३ पासून सुरू झाली. १९७७ सालची डर्बी जिंकणारा स्क्वांडरर, म्हणजे उधळ्या, एकोणीस शर्यतींपैकी अठरा जिंकला. नाव उधळ्या, पण वागणूक अगदी काटकसरीची. एकच शर्यत वाया घालवली! तथापि जे घोडे जिंकत नाहीत किंवा वय झालं म्हणून मैदानातून उतरतात, त्यांच्यापैकी काहींची एक हकीकत तुमच्या-माझ्या कामाची आहे. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या पागेतले निवृत्त घोडे मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेकडं दिले जात. घोड्याच्या अंगात सापाचं विष अगदी थोडं थोडं वाढवत टोचलं की त्याच्या रक्तात त्या विषावरचा उतारा तयार होतो. त्या रक्तातून औषध काढतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या दंशावर आरोग्यकेंद्रात जी लस टोचतात ती अशी घोड्याच्या रक्तातून आलेली असते. धनुर्वाताचा उताराही असाच काढत. या घोड्यांच्या देण्याघेण्यातूनच आपण हे औषध इथंच का करू नये, असा विचार त्या कुटुंबात निघाला आणि १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. शर्यतीत शेवटी आलेल्या एखाद्या घोड्याच्या रक्तानं कुठल्याशा वस्तीवरचं पोर वाचलं असेल. त्या घोड्याला आपण कुठल्या क्रमांकावर बसवायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आता गुरुजनांसाठी एक काम. गावात घोडं असेल, निदान वरातीचं, तर त्याच्या धन्याला विचारून मुलांना घेऊन जा. घोडं शांत उभं असताना, धन्यानं तोंड धरलं की जबड्याच्या हाडाच्या आतल्या काठाशी दोन बोटं हलकेच टेकवा. तिथं दोरीसारखी एक शीर बोटाखाली सरकते. घड्याळ लावून मिनिटभर ठोके मोजा आणि वहीत लिहा. मग धन्याला त्याला शिवारात एक चक्कर दौडवून आणायला सांगा आणि येताक्षणी पुन्हा मोजा. त्यानंतर दर दोन मिनिटांनी मोजत राहा, आकडा पहिल्या जागी येईपर्यंत. दोन घोडी असतील तर दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. कुणाचं हृदय आधी शांत होतं ते पाहा, आणि मग पोरांना विचारा, दोघांतलं चांगलं कुठलं. भोवरे त्यांनी शेवटी मोजले तरी चालतील. घोड्याच्या मागं मात्र कुणाला उभं करू नका.